मी हात ठेवला की पैलवान पडतो

आमच्या गावच्या बसथांब्यासमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत लग्नं, एरवी आधारकार्डाचे आणि नोकरीच्या अर्जांचे फोटो, आणि जत्रा सुरू झाल्या की कुस्त्या. कुस्त्यांचं काम मी हौसेपोटी करतो असं सगळ्यांना सांगतो, फक्त घरात सांगत नाही, कारण तिथं ‘मग त्यातून मिळतं काय?’ असा उलटा प्रश्न येतो. केज तालुक्यात कुठंही कुस्त्यांचा फड भरला की मी मोबाईल घेऊन हजर असतो. सगळ्या कुस्त्या लाइव्ह दाखवतो. आणि फडाच्या आठवडाभर आधी एक वेगळा व्हिडिओ टाकतो, त्यात शेवटची मोठी कुस्ती कोण मारणार ते सांगतो.

ते कधीच खरं होत नाही.

यात माझा आळस नाही, हे आधी सांगून टाकतो. दोन्ही पैलवानांच्या जुन्या कुस्त्या शोधून मी पुन्हा पुन्हा बघतो. मान कशी आहे, दम किती आहे, मातीवर वाढलाय की मॅटवर, कुठला डाव हातखंडा आहे, थकल्यावर कुठल्या पायावर भार देतो, सगळं बघतो. नुसत्या मांड्या बघून निकाल सांगणारी माणसं वेगळी. त्यांनी बैलबाजारात जावं. एवढा अभ्यास करून मी एक नाव घेतो, आणि नेमका तोच गडी चितपट होतो. एकदा युसूफ वडगावच्या फडात मी ज्याचं नाव घेतलं होतं तो पैलवान कुस्ती जिंकत आला होता, समोरच्याला त्यानं पार दाबून धरला होता, आणि ऐन वेळी त्याच्या पोटरीत असा गोळा आला की त्याला उचलूनच बाहेर काढावं लागलं. आता पोटरीचा अभ्यास कोण करणार?

गावात त्यावरून म्हणच पडून गेली, ‘फोटोवाल्यानं हात ठेवला की पैलवान गेला.’ मग वस्ताद लोक पेढ्याचा पुडा घेऊन दुकानात यायला लागले. आमच्या पोरावर तेवढा हात ठेवू नका, समोरच्यावर ठेवा, असं गोड बोलून जायचे. नारायणगडाला दर्शनाला गेलो तर तिथंही एकानं ओळखलं आणि येत्या निवडणुकीत अमुक उमेदवारच निवडून येणार एवढं बोलून द्या म्हणून मागे लागला. मी त्याला काय म्हणालो ते देवाच्या दारात बोलण्यासारखं नव्हतं. राग या गोष्टीचा जास्त येतो की माझे व्हिडिओ चालतात ते याच कारणानं. लोक माझं ऐकतात, उलटं करून घेतात, आणि खाली आभार मानतात.

या वर्षी आमच्याच गावच्या जत्रेतली शेवटची कुस्ती गाजली ती फड भरायच्या आधीच. एका बाजूला हरियाणाचा मल्ल होता. पुण्याच्या तालमीत राहणारा, वयानं लहान, या जत्रांच्या दिवसांत गावोगाव फिरून मोठमोठ्या कुस्त्या मारलेला, आणि एकदाही मातीला पाठ न लागलेला. दुसऱ्या बाजूला आमच्या गावचा गडी. तो माझ्या घराशेजारी वाढला. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळायचा तेव्हापासून त्याचे फोटो मीच काढतो. तिशी गाठायच्या सुमारास त्याच्या डाव्या गुडघ्यातली दोरी तुटली, लातूरला ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तो बरेच दिवस बायकोच्या म्हशींचं शेण काढण्यात आणि वैरण टाकण्यात अडकला. हल्ली हल्ली छोट्या फडांत पुन्हा उतरत होता, एवढंच.

दरम्यान त्याला पुण्याहून काम आलं होतं. एका मोठ्या हॉटेलच्या दारात काळा शर्ट घालून उभं राहायचं, प्यालेल्यांना बाहेर काढायचं. त्याचे दोन-चार जोडीदार तेच करतात. त्याला ते नको होतं. त्याला गावची बंद पडलेली तालीम पुन्हा उघडायची होती आणि तिथं वस्ताद म्हणून राहायचं होतं. तालमीचे जुने वस्ताद वारल्यापासून त्या इमारतीत गावच्या पुढाऱ्यांचा कडबा भरलेला असतो. पुढारी म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार, जत्रेचा फडही तेच भरवतात. यानं त्यांच्याकडं तालीम मागितली, तर त्यांनी जत्रेच्या बैठकीत, माईक हातात असताना, जाहीर करून टाकलं. शेवटची कुस्ती तू मार, दुसऱ्या दिवशी कडबा निघेल. पडलास तर तालमीचं नाव काढायचं नाही, सरळ पुण्याची गाडी धरायची. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांच्या खासगीतल्या शब्दाचा भरवसा मी देत नाही, पण हा चारचौघांत दिलेला होता, त्यामुळं तो पाळणं त्यांना भाग होतं.

मी अभ्यासाला बसलो. हरियाणाच्या त्या पाहुण्याच्या जितक्या कुस्त्या मिळाल्या तितक्या बघितल्या, आपल्या गड्याच्या तर माझ्याकडं सगळ्याच होत्या. आणि हळूहळू मला दिसायला लागलं की आपला गडी ही कुस्ती मारू शकतो. पाहुणा मॅटवर वाढलेला. मातीत त्याचे पाय रुततात, आणि कुस्ती लांबली की त्याचं तोंड उघडं पडतं, दम तोंडानं घ्यायला लागतो. आपला गडी मातीतलाच. ऑपरेशननंतरच्या कुस्त्यांत तो डाव्या पायावर पुन्हा पूर्वीसारखा भार देत होता, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटाच हसलो. आणि पुढच्याच क्षणी व्हिडिओ बंद केला. मला असं वाटतंय, म्हणजे गडी गेलाच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको दुकानात आली. डेअरीवर दूध घालून येत होती, रिकाम्या किटल्या तिनं दारातच ठेवल्या आणि फोटोसाठी गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर येऊन बसली. फोटो काढायचा असेल म्हणून मी पडदा ओढायला लागलो.

“दादा, तुमी तेवढा ह्यांच्यावर हात ठेवू नका,” ती म्हणाली.

मी चिडलो. मी काय पोपटवाला आहे का, मी अभ्यास करतो, तुम्ही शिकल्यासवरल्या बायकाही असं बोलायला लागल्या तर कठीण आहे, असं बरंच काही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मला त्यातलं काय कळत न्हाई. पण पुण्याला गेलेला माणूस सणालाच दिसतो, हे मी माझ्या भावाचं बघितलंय. पोरगी लई लहान हाय. तुमी त्या पाव्हण्यावर हात ठेवा. तुमचं काय जातंय?”

माझं काय जात होतं? अब्रू तर आधीच गेलेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ती नुसती माझ्याकडं बघत होती, आणि त्यामुळंच मला नाही म्हणता येईना.

तरी माझ्यापुढं एक अडचण उरलीच. माझ्या मनात आपलाच गडी होता. मी तोंडानं पाहुण्याचं नाव घेतलं तर उलटणार काय, तोंडातलं की मनातलं? हा प्रश्न मी थांब्यावरच्या चहाच्या हॉटेलात, कुणाचं नाव न घेता, सहज विचारल्यासारखा विचारला. सगळं हॉटेल त्यावर तुटून पडलं. निम्मे म्हणाले मनातलं लागतं, कारण देवाला मन दिसतं. निम्मे म्हणाले, काय बे, देवाचा आणि ह्याचा काय संबंध. शेवटी हॉटेलवाल्यानं गाळणी खाली ठेवली आणि निकाल दिला.

“तोंडातलंच लागतं. मनातलं लागलं असतं तर ह्या गावात एकबी पुढारी जिता ऱ्हायला नसता.”

मी चहाचे पैसे दिले. मी दुकानात येऊन व्हिडिओ करायला घेतला.

नुसतं पाहुणा जिंकेल म्हणून भागणार नव्हतं. लोक माझ्याकडून कारणं ऐकतात. कारणाशिवाय बोललो तर खोटं आहे हे लगेच कळलं असतं, आणि खोटं कळलं तर ते लागू होईल का, हा आणखी एक प्रश्न. म्हणून मी गुडघा धरला. आपल्या गड्याचा लंगोटावरचा एक मोठा फोटो घेतला, डाव्या गुडघ्याभोवती लाल गोल काढला, त्याच्याकडं जाणारा लाल बाण टाकला. आणि बोललो. हा गुडघा कच्चा आहे, पाहुणा इथंच हात घालणार, दोरी एकदा तुटली ती तुटलीच, जिद्द असून चालत नाही, पाय असावा लागतो. व्हिडिओ पुन्हा बघितला तेव्हा मलाच तो पटला. खोटं बोलण्यात माझा इतका हात बसलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

तो व्हिडिओ चालला तसा माझा कुठलाच चालला नाही. बीडला कोर्टात कामाला गेलेल्या माणसांनी तिथून फोन केले. गाव खूश होतं. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घ्यायचं बंद केलं. पैलवानाची बायको रस्त्यानं जाताना किटली उंच करून दाखवायची. ज्याला त्याला वाटत होतं की कुस्ती आता घरात आली. मलाही वाटत होतं. पण ज्यानं ती कुस्ती खेळायची होती त्याच्या खिशातही मोबाईल आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जत्रा तोंडावर आली असताना तो एका दुपारी दुकानात आला. मी फोटो कापत बसलो होतो. तो स्टुलावर बसला, त्याच्या वजनानं स्टूल कुरकुरलं. मी जत्रेची काहीबाही चौकशी केली, त्यानं हो-नाही केलं. मग म्हणाला,

“दादा, काहून बोलले तसं?”

मी हसून सांगायला लागलो, की अरे, ते उलटं आहे, तुझ्यासाठीच आहे, माझं तोंड तुला माहीतच आहे. बायकोनं सांगितल्याचं मात्र सांगितलं नाही. त्यानं मान हलवली.

“ते कळतंय मला. गाव हसतंय तसा मीबी हसलो. पण गुडघ्याचं तुमी जे बोलले, ते मला खोटं वाटलं न्हाई. तवापासून डावा पाय टेकवताना भ्याव वाटायलंय.”

मी कात्री खाली ठेवली. त्याचा सराव बिघडला होता. जोडीदारानं डावीकडून हात घातला की तो आपोआप पाय मागं घेत होता, आणि पाय मागं गेला की तोल जात होता. सबंध गाव देवाला फसवायला निघालं होतं आणि फसला होता हा.

“माझ्या सगळ्या कुस्त्या तुमच्याकडं हायेत,” तो म्हणाला. “तुमी बघितलं तितकं मला कुणीच बघितलं न्हाई. गावाला काय वाटतं ते मला नको. तुमाला काय वाटतं ते सांगा.”

खरं सांगतो, मी घाबरलो. इतकी वर्षं लोकांवर चिडत होतो, त्यांना अडाणी म्हणत होतो, आणि त्या घडीला कळलं की मीही ते मानायला लागलो आहे. तू जिंकशील असं म्हणायला तोंड उघडेना. वाटलं, मी बोललो आणि याची पाठ लागली तर? तालीम गेली, हा पुण्याला गेला, ती पोरगी सणासुदीची वाट बघत बसली, हे सगळं माझ्या एका वाक्यानं होईल. पण समोर बघितलं तर तो माणूस कुस्तीच्या आधीच पडल्यासारखा बसला होता. माझं न बोलणंही त्याला पाडतच होतं.

मी त्याला आत बोलावलं आणि कॉम्प्युटरवर त्याच्याच कुस्त्या लावल्या. ऑपरेशनच्या आधीची एक, नंतरची एक, शेजारी शेजारी. म्हटलं, हा बघ तुझा डावा पाय. इथं तू घसरलास आणि सगळा भार याच पायावर घेतलास. इथं समोरच्यानं तो पाय धरून ओढला, तू जागचा हलला नाहीस. तुला भ्याव वाटतंय ते माझ्या व्हिडिओचं आहे, गुडघ्याचं नाही. तो पडद्याला नाक लागेल इतका पुढं झुकून बघत होता. मग पाहुण्याच्या कुस्त्या लावल्या, त्याचं उघडं पडणारं तोंड दाखवलं. म्हटलं, पहिला जोर निघून जाऊ दे, अंगावर घे, कुस्ती लांबव. तोंड उघडलं की तो तुझा.

“मग?” तो म्हणाला. त्याला कारणं नको होती.

“तू मारतोस ही कुस्ती,” मी म्हणालो. आणि उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरोखरचा हात.

मी म्हटलं, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. त्यानं माझा मोबाईल मागून घेतला, व्हिडिओ उघडला, आणि त्या लाल गोलाकडं आणि बाणाकडं बघत राहिला. मग त्याला हसू आलं.

“ऱ्हाऊ द्या. चांगला झालाय.”

एवढं बोलून तो गेला. दाराची पायरी उतरताना डावा पाय त्यानं आधी टाकला, असं मला वाटलं. मी तेच बघायला टपलेला असल्यामुळं तसं वाटलं असेल.

फडाच्या दिवशी माणसं शाळेच्या पत्र्यांवर चढली होती. बायका मैदानाशेजारच्या दोन घरांच्या माड्यांवर होत्या, त्यांत त्याची बायको पोरीला कडेवर घेऊन उभी होती. हलगी कडाडत होती. उन्हं कलली तशी शेवटची जोड मैदानात आली, सलामी झाली, आणि मी लाइव्हमध्ये बोलायला लागलो. माझी पंचाईत अशी की जगाच्या दृष्टीनं मी पाहुण्याच्या बाजूचा होतो. त्यामुळं पाहुण्याची तारीफ चालू ठेवावी लागली.

पाहुण्यानं पहिल्याच झटक्याला डावा पाय धरला. आपला गडी खाली गेला. हलगीवाल्याचा हात ढिला पडला. पाहुणा पाठीवर बसून त्याला उलथायला बघत होता, हा मातीत छाती रोवून पडला होता. मी बोलायचं थांबलो होतो, ते मला नंतर व्हिडिओत कळलं. कसाबसा तो सुटला, उठला. पाहुणा पुन्हा डाव्या पायावर आला, पुन्हा खेचाखेच. उजवा पाय मोकळा पडलेला असायचा, त्याच्याकडं तो बघतसुद्धा नव्हता, माझा लाल बाण त्यानंही बघितलेला दिसत होता. मी पाहुण्याच्या तोंडाकडं बघत होतो. ते उघडत नव्हतं. उलट आपलाच गडी तोंडानं दम घेत होता. माझा अभ्यास पुन्हा एकदा मातीत चालला होता.

मग आपल्या गड्यानं डावा पाय पुढं टाकला. मागं घ्यायचा सोडून पुढं, आणि अगदी सावकाश, पाहुण्याला वाढून दिल्यासारखा. माझ्या तोंडून आई गं निघालं. पाहुणा खाली वाकला, दोन्ही हात गुडघ्याकडं गेले, आणि तो वाकलेला असतानाच यानं त्याचा दंड आणि मान एकदम कवळली, अंग पिळलं, आणि ढाक मारली. पाहुणा याच्या कमरेवरून गेला आणि त्याचे दोन्ही खांदे मातीत बसले. सगळा भार त्या डाव्या पायावर होता. पंचांनी हात वर केला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. टोप्या उडाल्या, पागोटी उडाली, गुलाल पडला. पुढाऱ्यांनी माईकवरून उद्या कडबा निघणार असं सांगितलं आणि पुढं आणखी काही बोलायला घेतलं, पण ते कुणी ऐकलं नाही. माडीवर त्याची बायको खाली बसली होती, उभ्या बायका तिला वारा घालत होत्या आणि ती हसत होती. आणि माझ्याभोवती हीऽ गर्दी. जो तो माझा हात हातात घेत होता. फोटोवाले, तुमचा हात काय चुकत न्हाई, पाव्हण्यावर ठेवला आणि पाव्हणा गेला. हॉटेलवाल्यानं माझ्या गळ्यात हार घातला. आयुष्यात पहिल्यांदा माझा अंदाज खरा ठरला होता, आणि गावानं तोही चुकलेल्यांतच धरला. त्यातही पाहुण्याच्या दमाचं मी सांगितलेलं कारण साफ चुकलं होतं, ते वेगळंच.

प्रथेप्रमाणं जिंकलेला पैलवान माझ्या मोबाईलसमोर आला. अंगभर माती, कपाळावर गुलाल, आणि मघाशी माडीवर असलेली पोरगी आता खांद्यावर. मी ठरलेला प्रश्न विचारला, पैलवान, जिंकू असं वाटलं होतं का?

“मला न्हाई वाटलं,” तो म्हणाला. “पण एका माणसाला वाटलं होतं. तो भ्यालेला होता, तरी तोंडावर म्हणला, तू मारतोस. तेवढ्यावर उतरलतो मी.”

कोण, कोण, म्हणून गर्दी ओरडायला लागली. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“नाव घेत न्हाई. धंदा बसल त्याचा.”

लोक हसले. कशाला हसतोय हे त्यांना माहीत नव्हतं. तो व्हिडिओ अजून आहे. त्यात शेवटी शेवटी चित्र फार हलतं, आणि गर्दीचा धक्का लागला असेल असं बघणाऱ्यांना वाटतं. धक्का कुणाचा लागला नव्हता. मी रडत होतो.